पालक आणि सूर्यफुलाचं तेल : तक्त्यातले आकडे कसे वाचायचे

१०० ग्रॅम सूर्यफुलाच्या तेलात ‘ई’ जीवनसत्त्व सुमारे ४१ मिलिग्रॅम असतं आणि १०० ग्रॅम कच्च्या पालकात २ मिलिग्रॅम. म्हणजे तेल वीसपट सरस. आता हाच हिशोब १०० कॅलरींमागे मांडा. तेलात साडेचार मिलिग्रॅमच्या थोडं वर आणि पालकात जवळजवळ नऊ. पालक दुपटीच्या घरात. तिसऱ्यांदा तो ताटातल्या मापाने मांडा, एका बाजूला मोठा चमचाभर तेल आणि दुसऱ्या बाजूला १०० ग्रॅम पालक. तेल पुन्हा पुढे, पण आता जेमतेम पावणेतीनपट.

तिन्ही हिशोब बरोबर आहेत. एकाच दोन पदार्थांची तुलना तीन वेळा केली आणि तीन निकाल लागले, कारण दर वेळी ‘कशामागे’ हे बदललं. तेल आणि भाजीची तुलना करणाऱ्या बहुतेक लेखांत आणि ॲपमध्ये ही एक गोष्ट सांगायची राहते. १०० ग्रॅमचे दोन रकाने शेजारी ठेवले जातात आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला असं ठरतं.

या लेखातले आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक कोशातले आहेत. वाण, माती, हंगाम आणि साठवण बदलली की भाजीचे आकडे इकडे तिकडे होतात, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या अंकांवर फार जीव टाकू नये. तेलाचे आकडे त्या मानाने स्थिर असतात, फक्त एक पथ्य पाळायचं : सूर्यफुलाच्या तेलाचे दोन ठळक प्रकार आहेत. नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल (मेद ज्यांचा बनतो त्या घटकांपैकी एक) ६५ टक्क्यांच्या आसपास असतं. ‘हाय ओलेइक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात ते चार टक्क्यांपेक्षाही कमी आणि ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या वर असतं. नाव एकच असलं तरी मेदाम्लांच्या बाबतीत हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पुढे जिथे नुसतं ‘सूर्यफूल तेल’ म्हटलंय तिथे पहिला प्रकार समजावा.

दोन रकाने

१०० ग्रॅम कच्च्या पालकात ९१ ग्रॅमहून अधिक नुसतं पाणी असतं. उरलेल्या साडेआठ ग्रॅमांत २.९ ग्रॅम प्रथिनं, ३.६ ग्रॅम कर्बोदकं (त्यातला २.२ ग्रॅम चोथा), ०.४ ग्रॅम मेद आणि बाकी खनिजं. ऊर्जा २३ कॅलरी. पोटॅशियम ५५८ मिलिग्रॅम, कॅल्शियम ९९, मॅग्नेशियम ७९, लोह २.७. ‘क’ जीवनसत्त्व २८ मिलिग्रॅम, फोलेट (‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व) १९४ मायक्रोग्रॅम, ‘के’ जीवनसत्त्व ४८३ मायक्रोग्रॅम. बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं ते रंगद्रव्य) ५,६२६ मायक्रोग्रॅम, आणि डोळ्यांच्या पडद्यात साठणारे ल्युटीन व झिॲझँथिन मिळून १२ हजार मायक्रोग्रॅमच्या पुढे.

१०० ग्रॅम तेलात १०० ग्रॅम मेद. ऊर्जा ८८४ कॅलरी. त्या मेदात संतृप्त सुमारे १०, एकल असंतृप्त साडेएकोणीस आणि बहु असंतृप्त ६५ ग्रॅमच्या वर. ‘ई’ जीवनसत्त्व ४१ मिलिग्रॅम, ‘के’ सुमारे ५ मायक्रोग्रॅम. प्रथिनं शून्य, चोथा शून्य, ‘क’ शून्य, फोलेट शून्य, पोटॅशियम शून्य, कॅल्शियम शून्य.

ही शून्यं तेलाचा दोष म्हणून वाचली जातात, पण त्यांचं कारण साधं आहे. सूर्यफुलाच्या १०० ग्रॅम सोललेल्या बियांत जवळपास २१ ग्रॅम प्रथिनं, साडेआठ ग्रॅम चोथा आणि ३२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. बी दाबून तेल काढलं की यातलं सगळं पेंडीत राहतं. खनिजं आणि ‘ब’, ‘क’ ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, तेलात ती उतरूच शकत नाहीत. तेलासोबत बाहेर येतं ते फक्त तेलात विरघळणारं : ‘ई’, थोडं ‘के’, वनस्पतिज स्टेरॉल आणि रंगद्रव्यं. त्यातलीही रंगद्रव्यं शुद्धीकरणात जवळजवळ निघून जातात. म्हणून ‘तेलात प्रथिनं नाहीत’ ही तक्रार अस्थानी आहे. तेल हा बियांचा एक वेगळा काढलेला भाग आहे, पालक हा अख्खा पाला आहे. पालकाची खरी बरोबरी सूर्यफुलाच्या बियांशी करावी. तेलाशी केली तर ती कशासाठी करतोय हे आधी ठरवून घ्यावं.

कॅलरीचा हिशोब स्वतः करून पाहणारे इथे अडखळतात. मेदाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, मग १०० ग्रॅम तेलाला ९०० हव्यात, ८८४ कशा? आणि पालकाची प्रथिनं, कर्बोदकं, मेद ४-४-९ ने गुणून बेरीज केली तर साडेएकोणतीस येतात, तक्त्यात मात्र २३. यात चूक कुठलीच नाही. ४-४-९ हे सरसकट वापरायचे गोल आकडे आहेत. कोशात पदार्थाच्या जातीप्रमाणे वेगळे गुणक वापरलेत. वनस्पती तेलांसाठी ८.८४, आणि पालेभाजीसारख्या पदार्थांत प्रथिनांसाठी २.४४, कर्बोदकांसाठी ३.५७, मेदासाठी ८.३७. हे गुणक लावा, पालकाचे बरोबर २३ येतात. चोथ्यातली बरीचशी ऊर्जा आपल्याला पचवता येत नाही, पानांतली प्रथिनंही पूर्ण पचत नाहीत, ते या छोट्या गुणकांत धरलेलं असतं. तेलाच्या बाटलीवर बहुधा ९०० छापलेलं दिसतं, कारण लेबलवर गोल गुणक चालतो. ९०० वाली बाटली ८८४ वाल्या बाटलीपेक्षा जड नसते.

वजनामागे, कॅलरीमागे, ताटामागे

१०० ग्रॅममागे तुलना करताना एका बाजूला ९१ टक्के पाणी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा थेंबही नाही, अशी ती असते. या मापात बिनपाण्याचा पदार्थ नेहमीच मोठा दिसणार. शिवाय १०० ग्रॅम पालक माणूस एका बैठकीत सहज खातो, १०० ग्रॅम तेल कोणी खात नाही. वजनाचं माप दुकानात आणि प्रयोगशाळेत सोयीचं आहे, इतकंच.

कॅलरीमागे मांडलं की चित्र उलटतं. १०० कॅलरींचा पालक म्हणजे ४३५ ग्रॅम. त्यात १२ ग्रॅमहून अधिक प्रथिनं, साडेनऊ ग्रॅम चोथा, २,४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आणि जवळपास १२ मिलिग्रॅम लोह निघतं. १०० कॅलरींचं तेल म्हणजे ११.३ ग्रॅम, मोठ्या चमच्यापेक्षा थोडं कमी, आणि त्यात सात ग्रॅमच्या वर लिनोलेइक आम्ल व ‘ई’. ‘पालेभाज्या पोषणाने दाट असतात’ हे विधान या मापावर उभं आहे आणि ते खरं आहे. अडचण एवढीच की ४३५ ग्रॅम कच्चा पालक एका जेवणात खाणं अवघड. कॅलरीमागचं माप वजन कमी करणाऱ्याला उपयोगी पडतं, कारण त्याला ठरलेल्या कॅलरींत जास्तीत जास्त पोषण बसवायचं असतं. ज्याला भूक नाही, आजारपणातून उठलाय, वजन भरत नाही, त्याच्यासाठी हेच माप उलटं वाचावं लागतं : त्याला थोड्या घासांत जास्त ऊर्जा हवी असते आणि तिथे चमचाभर तेल पालकाच्या ढिगापेक्षा कामाचं ठरतं.

रोजच्या निर्णयासाठी तिसरं माप बरं. प्रत्यक्ष ताटात येईल तेवढं घ्यायचं : तेलाचा १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे साधारण १३.८ ग्रॅम, १२२ कॅलरी. ५ मिलिलिटरचा छोटा चमचा म्हणजे ४.६ ग्रॅम, सुमारे ४१ कॅलरी. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने १५ मिलिलिटर म्हणजे १५ ग्रॅम होत नाही, हे मोजताना विसरलं जातं. पालक घ्यायचा १०० ते २०० ग्रॅम, निवडून आणि निथळून.

या मापाने पाहिलं तर दोघांची कामं वेगळी आहेत हे स्पष्ट दिसतं. २०० ग्रॅम पालकात ११०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम मिळतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम सुचवते, त्याचा हा जवळपास तिसरा हिस्सा, तोही ४६ कॅलरींत. फोलेट ३८८ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढांसाठी अमेरिकेत ठरवलेल्या ४०० च्या आसपास. हे कच्च्या पालकाचे आकडे आहेत, शिजवल्यावर ते घटतात, ते पुढे येतंच. मोठ्या चमचाभर सूर्यफूल तेलातून नऊ ग्रॅम लिनोलेइक आम्ल मिळतं. अमेरिकी शिफारशीप्रमाणे १९ ते ५० वयाच्या पुरुषांना दिवसाला १७ आणि स्त्रियांना १२ ग्रॅम पुरतं. हे मेदाम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, आहारातूनच यावं लागतं. पालकातून ते मिळवायचं तर किलोंनी खावा लागेल आणि तरी भागणार नाही, कारण १०० ग्रॅम पालकात ते फक्त २६ मिलिग्रॅम असतं.

गंमत म्हणजे ओमेगा-३ मध्ये गोष्ट उलटी होते. पालकाच्या त्या ०.४ ग्रॅम मेदात अल्फा लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेदाम्ल १३८ मिलिग्रॅम असतं, कारण हिरव्या पानातल्या हरितलवकांची पटलं मुख्यतः याच मेदाम्लाची बनलेली असतात. सूर्यफूल तेलात ते जवळपास नाहीच. २०० ग्रॅम पालकातून प्रौढ स्त्रीच्या १.१ ग्रॅम गरजेचा चौथा हिस्सा निघतो. ‘तेलात मेद, भाजीत मेद नाही’ असं ठोकून देणाऱ्यांनी हा एक आकडा पाहून ठेवावा.

तेल बदललं की काय बदलतं

कॅलरी बदलत नाहीत. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह, कनोला (मोहरीच्या कुळातलं एक तेलबी), सगळी १०० ग्रॅमला ८८४. ‘लाइट’ ऑलिव्ह तेल रंगाने आणि चवीने हलकं असतं, कॅलरीने नव्हे. बदलतात ती मेदाम्लं आणि सोबत आलेली जीवनसत्त्वं. सोयाबीनमध्ये संतृप्त मेद साडेपंधरा ग्रॅम, ऑलिव्हमध्ये सुमारे १४, कनोलात साडेसात, खोबरेल तेलात मात्र ८० च्या वर. संतृप्त मेदातून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २,००० कॅलरी खाणाऱ्याला ते साधारण २२ ग्रॅम होतात. मोठा चमचाभर सूर्यफूल तेल त्यातले दीड ग्रॅमही घेत नाही, तेवढंच खोबरेल तेल ११ ग्रॅम घेऊन मोकळं होतं.

‘ई’ जीवनसत्त्वाच्या रकान्यात एक सापळा आहे. टोकोफेरॉल ही ‘ई’ जीवनसत्त्वाची रूपं. तक्त्यात त्यातलं फक्त अल्फा टोकोफेरॉल मोजतात, कारण शरीर तेच प्रामुख्याने राखून ठेवतं. सोयाबीन तेलात ते ८ मिलिग्रॅमच दिसतं, पण त्यात गॅमा टोकोफेरॉल भरपूर असतं. एखाद्या बाटलीवर ‘एकूण टोकोफेरॉल’ असा मोठा आकडा छापलेला असेल तर तो सूर्यफुलाच्या ४१ शी थेट ताडू नये.

आणि हा ४१ आकडा ताज्या, न तापवलेल्या तेलाचा आहे. तेलात टोकोफेरॉलचं काम तेलाला खवट होऊ न देणं हे आहे, आणि ते काम करता करता ते खर्ची पडतं. उजेडात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीत, झाकण सैल असलेल्या डब्यात आणि सगळ्यात जास्त पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईत. बहु असंतृप्त मेद जितका जास्त तितका ऑक्सिजनशी संयोग लवकर, त्यामुळे नेहमीचं सूर्यफूल तेल सतत तळणीसाठी हाय ओलेइक प्रकारापेक्षा कच्चं पडतं. तळणीचं तेल गडद झालं, घट्ट झालं, फेस जिरेना, कमी आचेवरच धूर येऊ लागला, की त्यातल्या ‘ई’ची चर्चा संपली. ते टाकून द्यावं. त्यात नवं तेल ओतून वाढवलं तर नवंही लवकर खराब होतं.

पालकाचे आकडे शरीरात किती उतरतात

तक्ता सांगतो की पदार्थात काय आहे. शरीराला त्यातलं किती मिळतं हा पुढचा प्रश्न, आणि पालकाच्या बाबतीत या दोहोंत मोठी दरी आहे.

कॅल्शियम घ्या. ९९ मिलिग्रॅम हा आकडा भाज्यांत चांगला दिसतो. पण पालकात ऑक्झॅलेट खूप असतं, ते कॅल्शियमला घट्ट पकडून न विरघळणारा क्षार बनवतं आणि तो तसाच बाहेर पडतो. पालकातलं कॅल्शियम पाच टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं. म्हणजे ९९ पैकी ५ मिलिग्रॅम. ब्रोकोलीत १०० ग्रॅमला ४७ मिलिग्रॅमच कॅल्शियम असतं, पण त्यात ऑक्झॅलेट नगण्य असल्याने निम्म्याच्या आसपास शोषलं जातं. तक्त्यात पालक दुप्पट, शरीरात ब्रोकोली चौपटीहून जास्त. कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये, हे इतक्या थेटपणे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं.

लोहाचंही तसंच, जरा सौम्य. वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, पालकातली पॉलिफेनॉल ही वनस्पतिज द्रव्यं त्यात आणखी अडथळा आणतात. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं, म्हणून शिजवून उतरवल्यावर लिंबू पिळणं नुसतं चवीसाठी नसतं. लिंबू आच बंद केल्यावर पिळावं, उकळत्या भांड्यात ‘क’ टिकत नाही.

आता बीटा कॅरोटीन, ल्युटीन, ‘ई’ आणि ‘के’. ही चौघं मेदात विरघळणारी, आणि इथे तेल पालकाचा स्पर्धक राहत नाही, वाहन बनतं. पानाच्या पेशीत ही द्रव्यं हरितलवकांत अडकलेली असतात. चावल्याने, चिरल्याने, शिजवल्याने पेशीभित्ती फुटतात आणि ती सुटतात. पण आतड्यात सगळं पाण्याचं राज्य, त्यात ती तरंगत राहतात. जेवणात मेद आला की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्तक्षार येतात आणि ओशट भांड्यावर साबण करतो तेच करतात : मेदाचे अतिसूक्ष्म गोळे बनवतात. या गोळ्यांत बसून कॅरोटीन आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. मेद नाही तर गोळे नाहीत, आणि कॅरोटीन आल्या वाटेने पुढे निघून जातं.

हे मोजूनही पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचं सॅलड तीन प्रकारच्या ड्रेसिंगसोबत दिलं. एकात कनोला तेल अजिबात नाही, दुसऱ्यात ६ ग्रॅम, तिसऱ्यात २८ ग्रॅम. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटीन जवळजवळ शोषलंच गेलं नव्हतं, ६ ग्रॅमने ते वाढलं, २८ ग्रॅमने आणखी वाढलं. म्हणून २८ ग्रॅम ओतायला धावू नये, ते २५० कॅलरी होतात. कॅरोटीनसाठी एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम मेद कामापुरता मानला जातो, म्हणजे छोटा चमचाभर तेल. तो पालकातच हवा असंही नाही. त्याच जेवणात दाणे, अंडं, दही असेल तर तोही चालतो.

हिशोबातही ही दरी धरलेली आहे. तेलात विरघळवून दिलेलं २ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्वाइतकं धरतात. अन्नातून आलेलं मात्र १२ मायक्रोग्रॅम लागतं. पालकाचे ५,६२६ भागिले १२ केले की ४६९ येतात, आणि तक्त्यात ‘अ’च्या रकान्यात हाच आकडा छापलेला असतो.

भांड्यात काय होतं

पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं तर ‘क’ २८ वरून १० च्या खाली येतं, फोलेट १९४ वरून १४६, पोटॅशियम ५५८ वरून ४६६. ‘के’ आणि बीटा कॅरोटीन जसंच्या तसं राहतं, किंबहुना १०० ग्रॅममागे किंचित वाढलेलं दिसतं. पाण्यात विरघळणारं पाण्यासोबत गेलं, मेदात विरघळणारं पानात राहिलं. म्हणून फोलेट आणि ‘क’ हवं असेल तर धुतलेल्या पानांवर राहिलेल्या पाण्यातच झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफवावं, पानं बसली की उतरवावं. याला एक अपवाद आहे. ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मूतखडे होतात त्यांच्यासाठी उकळून पाणी टाकणंच बरं, कारण विरघळणारं ऑक्झॅलेटही त्या पाण्यात बरंचसं जातं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर पालक किती आणि कसा खायचा हे डॉक्टरांना विचारूनच.

परतलेल्या पालकाच्या कॅलरी कुठून येतात ते एकदा आकड्यांत पाहण्यासारखं आहे. २५० ग्रॅम निवडलेला पालक ५८ कॅलरींचा. त्यात दोन मोठे चमचे तेल घातलं की २४४ कॅलरी आल्या. एकूण ३०० च्या घरात, आणि त्यातला ८० टक्के वाटा तेलाचा. तेच दोन छोट्या चमच्यांवर आणलं तर एकूण १३९, तरीही ५८ टक्के तेलाचेच. दोन्हीकडे मेद कॅरोटीनला पुरून उरतो. म्हणजे पहिल्या भांड्यातले जादा १६० कॅलरी चवीसाठी आहेत, पोषणासाठी नाहीत. चवीसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त ते भाजीच्या नावावर खपवू नयेत.

घरी हे मोजायचं तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. परतताना : तेलाची बाटली काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, भांड्यात तेल ओतून बाटली परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं. त्याला ८.८४ ने गुणा. चमच्याने मोजण्यात घोळ होतो, कारण चमचा शिगोशीग भरला जातो आणि घरातल्या चमच्यांची मापं एकसारखी नसतात. तळताना : कढई थंड असताना तेलासकट वजन करा, तळून झाल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा वजन करा. फरक म्हणजे पदार्थासोबत गेलेलं तेल. पदार्थातलं पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे त्याने हिशोब बिघडत नाही, फक्त तळाला बसलेला चुरा आधी काढून घ्यावा.

तळण्यात तेल आत कसं जातं, याबद्दल एक उलटी समजूत आहे. पदार्थ कढईत असताना आतलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडत असतं, आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. बरंचसं तेल आत शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. तो निवू लागतो, आतली वाफ थिजते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच दोनचार वेळा झटकणं आणि गरम असतानाच कागदावर टिपणं उपयोगी, दहा मिनिटांनी टिपून फारसं काही हाती लागत नाही. तेल पुरेसं तापलेलं नसेल किंवा एका वेळी जास्त घाणा टाकला तर पृष्ठभाग लवकर कडक होत नाही, पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो आणि तेलकट होतो. काप जितका पातळ तितका पृष्ठभाग जास्त. उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला ८७ कॅलरी आणि ०.१ ग्रॅम मेद, फ्रेंच फ्राइज सुमारे ३१० कॅलरी आणि १५ ग्रॅम मेद, चिप्स ५३० कॅलरींच्या आसपास आणि ३४-३५ ग्रॅम मेद. चिप्सच्या आकड्यात निम्मी करामत तेलाची, निम्मी उडून गेलेल्या पाण्याची.

ॲपमध्ये होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक कपाची. एक कप कच्चा पालक ३० ग्रॅम भरतो, एक कप शिजवून निथळलेला १८० ग्रॅम. ॲपमध्ये नोंद एका प्रकारची निवडली आणि माप दुसऱ्याचं टाकलं की सगळे आकडे सहापट चुकतात. वजन ग्रॅममध्येच टाकावं, आणि ज्या अवस्थेत तोललं त्याच अवस्थेची नोंद निवडावी. तक्त्यातला पालक म्हणजे मुळं आणि जाड देठ काढलेला, खाण्याजोगा भाग. जुडीचं वजन टाकू नये. धुऊन लगेच तोलला तर पानांवरचं पाणीही तोललं जातं, निथळू द्यावा.

दुसरी चूक तेल दोनदा धरण्याची. ‘तेलात शिजवलेला पालक’ अशी तयार नोंद निवडायची आणि वर तेल वेगळं टाकायचं. उलट टोकाला, ‘पालक शिजवलेला’ अशी साधी नोंद निवडून तेल विसरायचं. तिथे ३०० कॅलरींच्या जागी ५८ लागतात आणि मग महिनाभर वजन का हलत नाही याचं कोडं पडतं.

बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलं असेल तर ते खरं आहे, पण कुठल्याही वनस्पती तेलाबद्दल ते खरंच असतं, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘ट्रान्स फॅट ०’ मात्र घटकांच्या यादीसोबत वाचावं. बऱ्याच देशांत ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण शून्य म्हणून छापायला मुभा असते, आणि ट्रान्स फॅट ज्यातून येतं त्या तेलाचे ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द यादीत आले तर शून्याचा अर्थ बदलतो.

‘के’ आणि रक्त पातळ करणारी औषधं

वॉरफरीन घेणाऱ्यांसाठी ही तुलना नुसती माहितीपुरती राहत नाही. हे औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्त गोठणं मंदावतं. ३० ग्रॅम कच्च्या पालकातच १४५ मायक्रोग्रॅम ‘के’ असतं, अमेरिकी शिफारशीत पुरुषांसाठी १२० आणि स्त्रियांसाठी ९० पुरेसं धरलंय. तेलांत फरक मोठा आहे : मोठ्या चमचाभर सूर्यफूल तेलात एक मायक्रोग्रॅमही नाही, तेवढ्याच सोयाबीन तेलात सुमारे २५. हे ‘के’ आचेला टिकतं पण उजेडाला टिकत नाही, म्हणून काचेच्या पारदर्शक बाटलीत उन्हात राहिलेल्या तेलात ते कमी झालेलं असतं. अशा रुग्णांनी पालक बंद करायची गरज सहसा नसते. आठवड्यागणिक प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, आणि घरातलं तेल किंवा पालेभाजी खाण्याची सवय बदलणार असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी त्या बेताने ठरवता येते.